दुसऱ्या हाफमधले गोल

खेळत होता तेव्हा त्याला सगळे अडसर म्हणत. दार आतून बंद करून वर आडवा दांडा टाकतात, तसा हा गोलच्या दारात. नाव कोणी ठेवलं ते त्यालाही आठवत नव्हतं, पण ते असं चिकटलं की लग्नात बायकोच्या मामांनी भर पाहुण्यांत "आमचे अडसरराव कुठे राहिले?" म्हणून हाळी दिली होती आणि तो "आलो, आलो" म्हणत धावला होता.

खेळाडू म्हणून तो फार मोठा होता असं म्हणता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर तोही कधी म्हणत नसे. पळायला मध्यम, उडी बेताची, डावा पाय असून नसून सारखा. एकोणिसाव्या वर्षी क्लबात आला तो विंगर म्हणून, म्हणजे कडेने वाऱ्यासारखं पळायचं काम घेऊन, आणि वारा तर सोडाच, झुळूकही नव्हती. तेव्हाच्या कोचना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी काही दिवस बघितलं आणि एका सकाळी त्याला बाजूला घेतलं. "तुझे पाय उशिरा पोचतात रे, पण डोकं लवकर पोचतं. तू मागे ये," ते म्हणाले. तो मागे गेला, स्टॉपर झाला, म्हणजे बचावाच्या मधला खांब, आणि केस पांढरे व्हायला लागेपर्यंत तिथेच राहिला.

त्याची खरी विद्या एकच होती, ऑफसाइडची लाइन. समोरच्या संघाचा फॉरवर्ड पास घ्यायला गोलकडे सरकत असतो. पास सुटायच्या ऐन क्षणी मागचे चारही बचावपटू एकदम दोन पावलं पुढे गेले, की तो बिचारा त्यांच्या मागे एकटाच उघडा पडतो, ऑफसाइड म्हणून लाइन्समनचा झेंडा वर जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. ऐकायला सोपं आहे. पण चौघांतला एक जरी मागे रेंगाळला तरी झेंडा खालीच राहतो आणि गोलकीपर देवाचं नाव घेतो. म्हणून कोणीतरी एकाने ओरडायचं असतं आणि बाकीच्यांनी विचार न करता पुढे जायचं असतं. अडसर "पुढे!" म्हणून ओरडायचा. कोणत्या क्षणी ओरडायचं ते त्याला कसं कळायचं, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. कळायचं, एवढंच.

मधे एका मोठ्या क्लबाने त्याला नेलं होतं. तिथे लाइन चालवणारा दुसराच होता, त्यामुळे हा वर्षभर बाकावर बसून हातपाय गार करून परत आला. परत आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं, कारण तो गेल्यावर क्लबची जी अब्रू गेली होती ती सगळ्यांनी पाहिली होती. पुढे गुडघा कुरकुरायला लागला, मग बोलायला लागला, आणि एका मॅचमध्ये अर्ध्यातूनच त्याला बाहेर घेतलं. ती शेवटची ठरली. "शेवटची आहे हे माहीत असतं तर जरा नीट चालत बाहेर आलो असतो," असं तो हसत सांगायचा. हसत सांगायचा, पण दर दोन-चार महिन्यांनी सांगायचा, त्यावरून काय ते समजावं.

मग कोचिंगची परीक्षा झाली. वर्गात आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून त्याने आकृत्या काढल्या, पहिल्या खेपेला नापास झाला, दुसऱ्या खेपेला पास झाला. काही वर्षं ज्युनियर संघ सांभाळला. आणि मुख्य संघाच्या कोचला मोसम सुरू होतानाच नारळ मिळाला, तेव्हा क्लबच्या अध्यक्षांनी याला बोलावलं. अध्यक्षांचा पाइप आणि नळांचा कारखाना होता आणि माणूस तसा दिलदार होता, फक्त फुटबॉल त्यांना निकालापुरताच कळायचा. ते म्हणाले, "तुम्ही घरचे आहात. एकच गोष्ट बघा, खालच्या गटात पडायचं नाही. पडलो तर मला कोणालातरी घालवावं लागेल, आणि मी काही स्वतःला घालवणार नाही."

हे स्पष्ट होतं. घर सोडून जगातली एकच जागा त्याला ठाऊक होती आणि ती ही होती. ती जाऊ शकते, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं.

पहिल्या काही मॅच बघून सगळे चक्रावले. घरच्या मैदानावर पहिल्या हाफला संघ असा खेळायचा, की बघणाऱ्याने उठून चहाला जाऊ नये. बचावाची भिंत एकसंध, लाइन सुतात, समोरचे फॉरवर्ड झेंड्याकडे बघून वैतागलेले. हाफ टाइम झाला, बाजू बदलल्या, की त्याच चौघांना काय व्हायचं कोण जाणे. एक पुढे, दोन मागे, चौथा भलतीकडेच बघतोय. धडाधड गोल व्हायचे. एक-शून्यने पुढे असलेला संघ तीन-एकने हरायचा. वर्तमानपत्रात यायचं, 'दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा दमछाक'.

दमछाक म्हटल्यावर उपाय सरळ होता. अडसरने पोरांना पळवायला घेतलं. सकाळी पळवलं, संध्याकाळी पळवलं, क्लबमागच्या टेकाडावर खांद्यावर वाळूच्या पिशव्या देऊन चढवलं. डॉक्टरांना विचारून आहार बदलला. पोरं काटक झाली, गालफडं बसली, घरच्यांना ओळखू येईनात, आणि दुसऱ्या हाफला गोल खात राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

सगळ्यात जास्त पळाला तो शिडी. शिडी म्हणजे आताचा स्टॉपर, अडसरच्या जागेवर खेळणारा. इतका उंच, की ड्रेसिंग रूममधला दिवा बदलायला स्टूल लागत नसे, म्हणून शिडी. स्वभावाने गरीब, बोलायला कमी. अडसरचा त्याच्यावर जीव होता आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच बसायची.

"अरे, पहिल्या हाफला तू वाघ असतोस. मग तुझी शेळी कोण करतं?" अडसरने एका हरलेल्या मॅचनंतरच्या सरावाला त्याला मागे ठेवून विचारलं. बाकीचे आंघोळीला गेले होते. शिडी खाली बसून बुटांच्या तळव्यातला चिखल काडीने काढत होता.

"कोणी नाही, सर."

"मग? पाय भरतात? दम लागतो? खरं सांग, मी काही खाणार नाही तुला."

"दम नाही लागत," शिडी म्हणाला. त्याने तो बूट ठेवून दुसरा घेतला. मग म्हणाला, "सर, दुसऱ्या हाफला तुमचा आवाज येत नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या हाफला आम्ही आपल्या डगआउटच्या, तुमच्या बाकाच्या बाजूला असतो. तुम्ही 'पुढे' म्हणता, आम्ही जातो. दुसऱ्या हाफला आम्ही पार पलीकडच्या गोलला. तिथे त्यांचं पब्लिक असतं, त्यांचा कोच असतो. तुम्ही काय म्हणताय ते ऐकू येत नाही. मग मी वळून तुमच्याकडे बघतो. तोवर बॉल गेलेला असतो."

आता ही गोष्ट खरी होती की जुन्या पद्धतीप्रमाणे क्लबचा कॅप्टन घरच्या मैदानावर नेहमी तीच बाजू घ्यायचा. दुसऱ्या हाफला आपल्या प्रेक्षकांच्या दिशेने हल्ला करायचा, म्हणजे ऐन वेळी त्यांचा आरडाओरडा कामी येतो, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे पहिल्या हाफला बचाव अडसरच्या नाकासमोर आणि दुसऱ्या हाफला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, हे ठरलेलंच होतं. अडसर स्वतः इतकी वर्षं त्याच पद्धतीने खेळला होता. त्याला कधी फरक पडला नाही, कारण त्याचा आवाज त्याच्याबरोबरच मैदानावर फिरायचा.

"हे आधी नाही सांगितलंस?" तो जरा तडकूनच म्हणाला.

"तुम्ही पळा म्हणालात, सर. आम्ही पळालो."

अडसरला राग आला. पोरगं स्वतःचा ढिलेपणा आपल्या माथी मारतंय, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. तो तसाच निघाला आणि गेटबाहेर येऊन उभा राहिला. बायको त्याला न्यायला यायची होती. ती एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची आणि नुकतीच गाडी शिकली होती. गाडी आली, तो शेजारी बसला, आणि पहिल्याच वळणावर म्हणाला, "दुसरा टाक. दुसरा. अगं, क्लच! तो बघ रिक्षावाला, डावीकडून, डावीकडून!"

गाडी आचके देऊन भर रस्त्यात बंद पडली. मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला.

बायकोने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, एक सांगू? दवाखान्यातून क्लबपर्यंत मी एकटी आले. मधे बाजार लागला, चौक लागला, एक ट्रकसुद्धा लागला. एकदाही बंद नाही पडली. तुम्ही बसलात आणि पडली."

"मी मदतच करतोय ना?"

"मदत नका करू. तुम्ही सांगायला लागलात की मी रस्त्याकडे बघतच नाही, तुम्ही काय म्हणताय त्याकडेच कान लागतात. मग रस्ता कोण बघणार?"

हे तिने चिडून म्हटलं नव्हतं. चिडली असती तर त्याने भांडण काढून विषय संपवला असता. तिने गाडी सुरू केली आणि पहिला, दुसरा, तिसरा टाकत व्यवस्थित घरी आणली. तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याचा उजवा पाय मात्र अख्ख्या वाटेत नसलेला ब्रेक दाबत होता.

घरी त्याला एक मॅच आठवली. बाहेरच्या मैदानावरची. तिथे टॉस हरल्यामुळे बाजू उलट्या पडल्या होत्या, पहिल्या हाफला बचाव लांबच्या गोलला होता आणि पहिल्याच हाफला तीन गोल झाले होते. दुसऱ्या हाफला एकही नाही. हाफ टाइमला आपण जे झापलं त्याचा हा परिणाम, असं त्याने तेव्हा मोठ्या रुबाबात पत्रकाराला सांगितलं होतं. आता ते आठवून त्याचे कान तापले. जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही अजून खेळताच आहात. फक्त रेषेच्या बाहेरून."

"उंटावरून शेळ्या हाकतोय म्हण की."

"मी म्हटलं नाही हं. तुम्हीच म्हणालात."

त्याला वाईट वाटलं, आणि कशाचं ते त्याला नीट कळलंही. 'पुढे' म्हणून ओरडल्यावर चार जण एकदम दोन पावलं टाकतात, यासारखं सुख त्याला आयुष्यात दुसरं मिळालं नव्हतं. लग्न, नवं घर, पुतण्यांची कौतुकं, सगळं खरं, पण ते ते आणि हे हे. बूट टांगल्यावर ते गेलं म्हणून तो मनात रडला होता. कोच झाल्यावर ते परत मिळालं आणि कोणाला कळू न देता तो ते रोज खात होता. आता तेच सोडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चौघा बचावपटूंना बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून मॅचमध्ये लाइनचं मी काहीही बोलणार नाही. शिडी बोलेल. शिडी म्हणेल ते."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिडीचा चेहरा भर वर्गात कविता म्हणायला उभं केल्यासारखा झाला.

"पण सर, चुकलं तर?" तो म्हणाला.

"चुकलं तर चुकलं."

हे बोलणं सोपं होतं, घोडामैदान जवळच होतं. सरावाला अडसर गोलच्या मागे तोंड मिटून उभा राही. शिडी ओरडायचा पण त्याचा आवाज असा निघायचा, की शेजारच्यालाच परवानगी मागतोय. कधी उशीर, कधी घाई. एकदा तर 'पुढे' म्हणून स्वतःच मागे गेला. अडसर हातातल्या शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळून बोट लाल करून घ्यायचा, पण बोलायचा नाही. जित्याची खोड होती, जाता जात नव्हती. सराव संपल्यावर मात्र तो शिडीजवळ बसायचा आणि एकच गोष्ट विचारायचा, "तेव्हा तुला काय दिसलं?" शिडी सांगायचा. सुरुवातीला त्याला काहीच दिसलेलं नसायचं. मग हळूहळू दिसायला लागलं.

पहिल्या मुक्या मॅचला संघ चार-एकने हरला, आणि या वेळी गोल दोन्ही हाफला झाले. अध्यक्ष ड्रेसिंग रूमच्या दाराशी आले. "हे काय नवीन?" ते म्हणाले. "आधी निम्मी मॅच तरी बरी खेळायचो. आता तीही गेली?"

"थोडा वेळ द्या."

"वेळ माझ्या कारखान्यात बनत नाही हो. तुम्ही बाकावर हाताची घडी घालून काय बसला होता? लोक विचारतायत, कोच आजारी आहे का?"

पुढच्या मॅचला बरोबरी झाली. त्याच्या पुढच्या दोन हरले, एक जिंकले. जिंकले त्या मॅचमध्ये शिडीच्या आवाजावर झेंडा इतक्या वेळा वर गेला, की समोरचा फॉरवर्ड लाइन्समनशी भांडून बाहेर गेला. अडसरला आनंद झाला, तसाच जळफळाटही झाला. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. शेवटच्या मॅचची वेळ आली, तेव्हा गणित उघड होतं. बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता, हरला तर खाली जाणार होता, आणि त्याच्याबरोबर अडसरही.

त्या दिवशी मॅचआधी अध्यक्षांनी त्याला स्टँडच्या जिन्याखाली गाठलं. ते रागावलेले नव्हते, काकुळतीला आले होते.

"एक ऐकाल माझं? आज ओरडा. पहिल्या हाफला तरी ओरडा. तेवढी निम्मी मॅच तरी पक्की होईल. दुसऱ्या हाफला गोलकीपरलाच सांगू वेळ काढायला. बरोबरीच तर हवीय."

अडसरला क्षणभर ते पटलं. खोटं कशाला बोला, क्षणापेक्षा जास्त पटलं. निम्मी मॅच त्याच्या मुठीत होती. ती घेतली असती तर नोकरी वाचायची शक्यता वाढली असती, आणि तोंड उघडायचं सुख वेगळंच. पण पहिल्या हाफला आपण ओरडलो की दुसऱ्या हाफला ते पोरगं पुन्हा वळून बघणार, हेही त्याला दिसत होतं.

"नाही जमणार," तो म्हणाला.

"मग मलाही नाही जमणार," अध्यक्ष म्हणाले आणि जिना चढून गेले.

पहिला हाफ त्याने डगआउटमध्ये बसून काढला. बचावातली पोरं पार नाकासमोर होती. त्यांचे श्वास ऐकू येत होते, शिडीचा 'पुढे' ऐकू येत होता. आता तो आवाज परवानगी मागत नव्हता. एकदा मात्र शिडीने हाक दिली आणि उजवीकडचा पोरगा अर्धं पाऊल मागे राहिला. झेंडा खालीच राहिला, गोल झाला. अडसरला ते अर्धं पाऊल आधीच दिसलं होतं. त्याच्या गळ्यापर्यंत शब्द आला होता आणि त्याने तो कडू औषधासारखा गिळला. मागून स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, "अहो अडसर, झोपलात काय!" आपल्याच माणसाने मारलेली हाक होती, म्हणून ती जास्त लागली. हाफ टाइमच्या जरा आधी कॉर्नरवरून आपल्या फॉरवर्डने डोक्याने बॉल आत घातला आणि एक-एक झालं.

मधल्या वेळात ड्रेसिंग रूममध्ये सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "पाणी प्या," आणि उजवीकडच्या पोराजवळ जाऊन बसला. पण त्याला समजावलं ते शिडीनेच. हलक्या आवाजात, न झापता, जमिनीवर दोन बाटल्या मांडून. अडसरने ऐकलं. त्याने स्वतः झापलं असतं.

दुसऱ्या हाफला चौघं लांब गेले, पलीकडच्या गोलला. अडसर रेषेजवळ येऊन उभा राहिला. समोरच्या संघालाही जिंकायचंच होतं, ते तुटून पडले. बॉल तिकडेच राहिला. पलीकडचं पब्लिक ओरडत होतं, त्यांचा कोच हातवारे करत होता, आणि शिडीने एकदाही मान वळवली नाही. अडसर त्या मान वळवण्याची वाट बघत होता हे त्याला स्वतःलाच उशिरा कळलं. इतक्या वर्षांत मैदानावर आपली कोणालाच गरज नाही, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. वाईट वाटलं, अगदी उघडउघड वाईट वाटलं.

मॅच संपत आली. त्यांच्या मधल्या फळीतल्या एकाने बॉल पायाशी घेतला आणि वर पाहिलं. त्यांचा फॉरवर्ड शिडीच्या खांद्याला खांदा लावून सरकायला लागला. अडसरला सगळं लख्ख दिसलं, जसं हजारदा दिसलं होतं. आता. आत्ता दोन पावलं पुढे, फॉरवर्ड मागे उघडा, झेंडा वर, विषय संपला. त्याचं तोंड उघडलं. छाती भरली. पलीकडे ऐकू गेलं नसतं असं म्हणावं, तर त्या एका क्षणी पब्लिकही श्वास रोखून गप्प होतं. ऐकू गेलं असतं.

तो ओरडला नाही.

शिडी पुढे गेला नाही. त्याने हात मागे झटकला, "मागे! मागे!" असा त्याचा आवाज आला आणि चौघं उलटे पळत सुटले. गेली मॅच, त्याला वाटलं, घाबरलं पोरगं. पण पास फॉरवर्डकडे आलाच नाही. फॉरवर्ड नुसता दाखवायला पळाला होता. बॉल गेला त्याच्या पलीकडे, आणि मागून, पार मागच्या फळीतून त्यांचा एक जण धावत सुटला होता, ज्याच्याकडे अडसरने बघितलंच नव्हतं. पास सुटला तेव्हा तो चौघांच्या अलीकडेच होता, म्हणजे तो ऑफसाइड होणं शक्यच नव्हतं. बचाव पुढे गेला असता तर त्याच्या आणि गोलच्या मधे फक्त गोलकीपर उरला असता. शिडी आधीच मागे पोचला होता, त्याने लांब पाय टाकला आणि बॉल रेषेबाहेर घालवला.

शिट्टी झाली तेव्हा एक-एकच होतं.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. अध्यक्ष जिना उतरून धावत आले, त्यांचा एक बूट पायातून सुटला तरी थांबले नाहीत. त्यांनी अडसरला मिठी मारली. "ओरडलात ना शेवटी! मी वरून बघितलं, तोंड उघडलं होतं तुम्ही!"

"जांभई होती," अडसर म्हणाला.

अध्यक्ष हसले. त्यांना ते खरं वाटलं नाही आणि त्यांनी पुढल्या वर्षीचं तिथेच पक्कं करून टाकलं. बायकोचा फोन आला. ती रेडिओवर ऐकत होती, रडत होती आणि ओरडतही होती. त्याने तिला सांगितलं की घ्यायला ये, आज मी मागच्या सीटवर बसतो. ती हसली.

ड्रेसिंग रूम रिकामी व्हायला वेळ लागला. शेवटी शिडी एकटाच बाकावर राहिला, पायावर बर्फाची पिशवी धरून. अडसर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. शिडीच आधी बोलला.

"सर, तो शेवटचा बॉल. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?"

पोरगं मोठ्या आशेने बघत होतं. 'तेच जे तू केलंस' असं म्हणायला काहीच लागत नव्हतं. शिडीला बरं वाटलं असतं, यालाही बरं वाटलं असतं, आणि कोणाला कधी कळलं नसतं. पण रोज सरावानंतर 'तुला काय दिसलं' असं त्याला विचारून खरं बोलायला यानेच शिकवलं होतं.

"पुढे," अडसर म्हणाला. "पुढे म्हणालो असतो. तो मागून येणारा मला दिसलाच नव्हता."

शिडीने पिशवी बाजूला ठेवली. तो हसला नाही की त्याने बढाईही मारली नाही. तो विचार करून, अगदी मनापासून म्हणाला, "मग आम्ही गेलो असतो, सर. मला तो दिसत होता, तरी गेलो असतो. तुम्ही म्हणालात की आम्ही जातोच."

हे त्याने मान देऊन म्हटलं होतं, आणि अडसरला ते तसंच कळलं. तो शिडीशेजारी बाकावर बसला.